भुताच्या बोटांचं माप

फुटपाथवर पाय ठेवायला जागा नव्हती. सुटीचा दिवस, भर दुपार, बोचरा वारा, आणि शे-दीडशे माणसं माना मागे टाकून तीन मजली दगडी इमारतीच्या गच्चीकडे बघत उभी. टोप्या उडत होत्या, डोळ्यांत धूळ जात होती, पण जागचं कोणी हलेल तर शपथ! कारण वर ती रडत होती.

रडणं कसलं, एक लांबलचक घोगरा सूर. वाऱ्याचा झोत आला की चढायचा, झोत ओसरला की विरायचा. जुन्या बाजारपेठेतल्या या इमारतीत पूर्वी बँक होती, मग विमा कंपनी आली, मग बरीच वर्षं नुसतं कुलूप. आता तळमजल्यावर लाँड्री, मधल्या मजल्यांवर गोदामं आणि सगळ्यात वर शर्ट शिवायचा कारखाना. पण लोकांच्या तोंडी तिचं नाव एकच, रडकी इमारत. कोण रडतं याबद्दल मात्र ज्याची त्याची वेगळी माहिती. एकाच्या मते बँकेतली टायपिस्ट, दुसऱ्याच्या मते विमा कंपनीच्या साहेबाची बायको, तिसऱ्याच्या मते कोणी नवरी. पहिलीनं विष घेतलं, दुसरी गच्चीवरून पडली, आणि तिसरीचं नक्की काय झालं हे तिसऱ्यालाही ठाऊक नव्हतं, पण तोच सगळ्यांत मोठ्यानं सांगत होता.

गच्चीवर धुराड्याशेजारी एक गृहस्थ उभे होते. दाढी नाही, जटा नाहीत. राखाडी सूट, टाय, आरशासारखे चकचकीत बूट, हातात काळं खोकं. खोक्यात काटा होता म्हणून लोक त्यांना काटेवाले म्हणत. हातात भोंगा घेऊन ते बोलत होते.

"मी बुवा नाही! मी अभ्यासक आहे! आत्मा म्हणजे काय? कंपन! कंपनाला काय लागतं? वाट! आपण आज तिची वाट बंद करणार आहोत!"

मग त्यांनी रेघोट्या कोरलेला एक जाड तांब्याचा पत्रा दोन्ही हातांनी उचलला, लोकांना दाखवला आणि धुराड्याच्या तोंडावर ठेवून वर चार विटा रचल्या.

रडणं थांबलं. वारा तसाच होता, टोप्या तशाच उडत होत्या, आणि आवाज मात्र साफ बंद. मग असा टाळ्यांचा कडकडाट झाला की लाँड्रीच्या काचा थरथरल्या. लाँड्रीवाला स्वतःच सगळ्यांच्या पुढे उभा राहून हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवत होता. एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

गर्दीत एकच बाई हाताची घडी घालून उभी होती. वरच्या कारखान्यात कापड बेतायचं आणि कापायचं काम तिचं, म्हणून सगळे तिला कटरबाई म्हणत. पन्नाशी उलटलेली, नाकावर चष्मा, जिभेला तिच्या कात्रीइतकीच धार.

"बाटलीच्या तोंडाशी फुंकर मारली की बाटलीही अशीच रडते," ती शेजारी उभ्या असलेल्या, कारखान्यात कॉलर शिवणाऱ्या कॉलरवालीला म्हणाली. "तिच्यात कोण मेलेलं असतं गं?"

"तुम्ही म्हणजे ना, बाई! डोळ्यांदेखत झालं तरी मानायचं नाही."

"तेच म्हणते मी. डोळ्यांदेखत बाटलीला बूच लावलं त्यानं."

एवढं बोलून ती हसली आणि घरी निघून गेली. नेमकं तिथंच चुकलं तिचं. सगळं कळत होतं, पण चार लोकांत वाईटपणा कोण घेणार? आपल्याला काय करायचंय, असं म्हणून शहाणी माणसं घरी जातात आणि मैदान लबाडांना मोकळं मिळतं.

पुढच्या आठवड्यापासून कारखान्यातल्या बायकांची डोकी दुखायला लागली.

थंडीचे दिवस. शिलाईच्या खोलीच्या खिडक्या घट्ट लावलेल्या. बारा मशीनं, बारा बायका, आणि अगदी कोपऱ्यात काज पाडायचं मशीन. त्या कोपऱ्यातच भिंतीत एक जुना कोनाडा होता. बँकेच्या काळी साहेबलोकांना ऊब मिळावी म्हणून त्यात जाळ करत. आता जाळ नाही आणि साहेबही नाहीत. कारखाना आला तेव्हा खोक्याच्या पाच फळ्या उभ्या ठोकून तो कोनाडा बुजवून टाकला होता आणि तयार शर्टांची दांडी त्याला टेकवून ठेवलेली असे.

काजाच्या मशीनवर कटरबाईची धाकटी जाऊ बसायची. घरातही सगळे तिला धाकटीच म्हणत. दोघी जावा आठ वर्षं एका स्वयंपाकघरात वावरत होत्या. भांडण नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. थोरलीला वाटायचं, ही जरा अंगचोरच आहे. धाकटीला वाटायचं, यांना कधी काही पटतच नाही. दोघींचंही थोडं थोडं खरं होतं.

सगळ्यांत जास्त त्रास धाकटीला. दुपार झाली की डोकं ठणकायचं, मळमळायचं, उठताना तोल जायचा. एकदा तिनं अकरा शर्टांच्या दोन्ही पट्ट्यांना काजं पाडून ठेवली. पुरुषाच्या शर्टाला काज डाव्या पट्टीवर, बटण उजवीवर, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं.

"दोन्हीकडे काजं?" कटरबाई सगळ्यांसमोर कडाडली. "आणि बटणं कुठे लावायची? हवेत?"

"ताई, मला समजलंच नाही हो. डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं."

"घरी भाजी चिरताना नाही होत धूसर!"

 धाकटीचे डोळे भरून आले. कटरबाईनं ते पाहिलं आणि मनात म्हणाली, झालं, आता रडून दाखवणार.

तरी तिनं तिला समोरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि विचारलं, "सुटीच्या दिवशी कसं वाटतं?"

"ठणठणीत असते!" उत्तर थोरलीनंच दिलं. "सुटीच्या दिवशी काहीही होत नाही हिला."

"तुम्ही बसता त्या खोलीत काही जळतं का? शेगडी, स्टोव्ह?"

"छे हो. कपड्यांच्या ढिगात कोण जाळ करेल?"

डॉक्टरबाई विचारात पडल्या. रक्त तपासून घ्या, उद्याच या, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी कोणी गेलं नाही. सुटीच्या दिवशी ठणठणीत, या वाक्याचा कटरबाईनं आपल्यापुरता अर्थ लावून टाकला होता. कामाचा कंटाळा, दुसरं काय!

तेवढ्यात शर्टांवर बोटं उमटली.

सकाळी कॉलरवाली किंचाळली म्हणून सगळ्या धावल्या. दांडीवरच्या पांढऱ्याशुभ्र शर्टांच्या पाठीवर करड्या रंगाचे उभे पट्टे होते. चार. एकाशेजारी एक, वरून खाली ओढल्यासारखे.

"बोटं आहेत ही! चार बोटं! हात फिरवलाय तिनं!"

कारखान्याचे मालक जिना चढून धापा टाकत आले, शर्ट पाहिले आणि त्यांनी काटेवाल्यांना बोलावणं धाडलं.

काटेवाले आले ते चेहरा पाडूनच. "मला हीच भीती होती," ते म्हणाले. "बाहेर रडत होती तोवर ती बाहेर होती. आपण वाट बंद केली. आता ती आत अडकली आहे. कोणाच्या तरी अंगाचा आसरा घेतलाय तिनं."

म्हणजे बघा! आवाज थांबला तर यांची करामत, आणि आवाज थांबून माणसं आजारी पडली तर भुताची लबाडी. दोन्हीकडून हेच जिंकणार.

त्यांनी बायकांना रांगेत उभं केलं. काळं खोकं जमिनीवर ठेवायचं, कारण म्हणे कंपन पायांतून उतरतं. प्रत्येकीच्या पायाशी खोकं, खोक्याशेजारी काटेवाले, डोळे मिटलेले, ओठ पुटपुटणारे. काटा स्थिर. पुढची. काटा स्थिर. कॉलरवाली घामानं निथळत होती, तिच्याकडेही काटा ढिम्म हलला नाही. मग धाकटीची पाळी आली. काटेवाल्यांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि काटा गर्रकन फिरला.

बायका अशा मागे सरकल्या की मधली दोन स्टुलं उलटली. आठ वर्षं जिच्या डब्यातलं खाल्लं तिच्यापासून!

"उद्या दुपारी बाराला बंधन घालू," काटेवाल्यांनी जाहीर केलं. "ही एकटी, तिच्या जागेवर, तीन तास. दारं-खिडक्यांना फट म्हणून ठेवायची नाही. मी बाहेरून बांधून घेईन."

बाहेरून! हे बाहेरून मोठं सोयीचं असतं.

मालक कटरबाईकडे वळले. "बाई, घरचं माणूस म्हणून तुम्ही हो म्हणा. नाहीतर बाकीच्या उद्यापासून कामाला येणार नाहीत म्हणतायत."

खरं तर तिनं तिथंच उभं राहून नाही म्हणायला हवं होतं. भूत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तिच्या मनात आलं ते वेगळंच. होऊन जाऊ दे एकदाचा हा तमाशा, मग तरी ही सरळ कामाला लागेल.

"करा काय करायचं ते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाराच्या आधी धाकटीनं तिचा हात धरला. "ताई, मला त्या कोपऱ्यात बसवू नका हो. तिथे गेलं की माझा जीव घाबरा होतो."

"तीन तास बसायचंच तर आहे. काम थोडंच करायचंय?"

असं ती बोलली. मी काही पदरचं घालत नाही. ती पुढे कित्येकांना हे स्वतःच सांगायची, आणि सांगताना स्वतःला शिव्या घालायची.

खिडक्यांना चिकटपट्ट्या लागल्या, दाराच्या फटीलाही लागल्या. पट्ट्यांवर काटेवाल्यांनी पेनानं कसल्याशा खुणा काढल्या. बायका जिन्यावर दाटीवाटीनं बसल्या. काटेवाले दाराबाहेर खुर्ची टाकून, डोळे मिटून, पायावर पाय टाकून बसले. दार कापणीच्या खोलीतच उघडायचं, म्हणजे कटरबाईच्या टेबलापासून चार पावलांवर.

कटरबाईनं काम सुरू केलं खरं, पण खडू हातातून निसटला. तो उचलायला ती टेबलाखाली वाकली आणि तिथून तिला काटेवाल्यांचा वर उचललेला बूट दिसला. आरशासारखा चकचकीत. आणि त्याच्या टोकाला सात-आठ टाचण्या, काट्यांसारख्या ताठ उभ्या.

कापणीच्या खोलीत जमिनीवर टाचण्या पडलेल्या असतातच. रोज संध्याकाळी कटरबाई दोरीला बांधलेलं लोहचुंबक फरशीवरून फिरवायची आणि त्या गोळा करायची. लोहचुंबकाला टाचण्या कशा चिकटतात हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

म्हणजे बुटाच्या टोकात लोहचुंबक. म्हणजे खोक्यात होकायंत्र. पाऊल पुढे टाकलं की काटा फिरणार, मग समोर धाकटी असो की खांब!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग वाटलं, थांब. काटा खोटा, तर ती बोटं तरी कसली आहेत? तिनं कोपऱ्यात टाकलेला एक खराब झालेला शर्ट टेबलावर पसरला आणि गळ्यातली टेप काढली. पहिल्या पट्ट्यापासून दुसरा, पावणेतीन इंच. दुसऱ्यापासून तिसरा, पावणेतीन. तिसऱ्यापासून चौथा, पावणेतीन. एक सूतही इकडचं तिकडे नाही. तिनं आपला पंजा फाकवून शर्टावर ठेवला. मेली काय आणि जिवंत काय, बाईची बोटं एकमेकींपासून पावणेतीन इंचांवर नसतात.

टेबलाखाली तिचे जुने कागदी नमुने एका फळीवर रचलेले होते. कोनाडा बुजवताना उरलेली सहावी फळी. तिनं नमुने ढकलून फळीला टेप लावली. रुंदी, पावणेतीन इंच.

पाच फळ्या. त्यांच्यामध्ये चार फटी.

तिनं पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं. काजळी. फटींमधून, म्हणजे कोनाड्यामागच्या धुराड्यातून, काजळी येत होती. पण जाळ कुठे आहे? या मजल्यावर तर काडीसुद्धा पेटत नाही. इमारतीत जाळ एकच, तळमजल्यावरच्या लाँड्रीत.

चप्पल न घालताच ती तीन जिने उतरली. बायका विचारत होत्या, "अहो, कुठे निघालात?" तिनं कोणाकडे पाहिलं नाही. लाँड्रीवाला मागच्या खोलीत बॉयलरसमोर वैतागून उभा होता.

"तुमच्या बॉयलरचा धूर कुठे जातो?"

"काय झालं, बाई? धाप लागलीय तुम्हाला."

"धूर कुठे जातो?"

"तो पाईप बघा ना, जुन्या धुराड्यात सोडलाय. दुसरा कुठे सोडणार? पण हल्ली ज्योत बघा कशी पिवळी पडते. मधेच विझते. भूत फुंकतं हो, खरंच सांगतो."

"कधीपासून?"

"त्यांनी वर पत्रा बसवला ना, तेव्हा..." लाँड्रीवाल्याचं वाक्य तिथंच तुटलं.

"तुम्ही होतात त्या दिवशी फुटपाथवर."

"होतो."

"टाळ्या वाजवल्यात."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. वीस वर्षं त्याचा धूर ज्या धुराड्यातून जात होता, त्याच धुराड्याला बूच बसताना त्यानं पहिली टाळी वाजवली होती. इतकी वर्षं लोकांनी त्याला भुताचं घर म्हटलं की ते धुराडं आहे हेच सगळे विसरून गेले. ज्याचा धूर त्यातून जातो तोसुद्धा.

सुटीच्या दिवशी ठणठणीत. सुटीच्या दिवशी लाँड्री बंद. खोलीत काही जळतं का? खोलीत नाही हो, डॉक्टरबाई, खोलीखाली!

"बंद करा ते! आणि समोरच्या डॉक्टरबाईंना वर पाठवा!" ओरडतच ती जिना चढू लागली. पन्नाशी उलटलेली बाई तीन जिने कशी चढली ते तिचं तिलाच ठाऊक.

वर काटेवाले दारासमोर हात पसरून उभे राहिले. "बाई, बंधन चालू आहे. अर्ध्यात तोडलं तर तिचा जीव जाईल, सांगून ठेवतो."

"नाही तोडलं तर जाईल! व्हा बाजूला!"

"तुमच्यावर जबाबदारी..."

"माझ्यावरच आहे!" कटरबाई म्हणाली आणि तिनं टेबलावरची बारा इंची कात्री उचलली. काटेवाले झटकन बाजूला झाले. कंपनांचा अभ्यास असला तरी कात्री त्यांना ओळखता येत होती. दाराच्या पट्ट्या तिनं वरपासून खालपर्यंत कापल्या आणि खांद्यानं दार ढकललं.

धाकटी काजाच्या मशीनवर डोकं टेकून पडली होती. गाल गुलाबी दिसत होते, जसे ताप आलेल्या मुलाचे दिसतात. हाक मारली तर हूं नाही की चूं नाही. कटरबाईनं इस्त्री उचलून खिडकीवर घातली. एक काच, दुसरी काच, तिसरी. गार वाऱ्याचा लोट आत आला. मग तिनं दोन्ही काखांत हात घालून जावेला ओढत बाहेर आणलं, आणि जिन्यावरच्या बायका काय करत होत्या? भिंतीला चिकटून वाट देत होत्या. शिवायला नको म्हणून.

"अगं, हात लावा कोणीतरी! बाई आहे ती! जिवंत बाई!"

शेवटी कॉलरवाली पुढे झाली. तिनं पाय धरले.

डॉक्टरबाई अर्ध्या जिन्यात भेटल्या. नाडी पाहिली, डोळे पाहिले, कटरबाईचं म्हणणं दोन वाक्यांत ऐकलं. "कार्बन मोनॉक्साइड," त्या म्हणाल्या. "नीट न जळलेल्या जाळाचा वायू. वास नाही, रंग नाही. रक्तातली प्राणवायूची जागाच बळकावतो. अजून अर्धा तास आत राहिली असती तर मला बोलावून काही उपयोग नव्हता." अँब्युलन्स आली, ऑक्सिजन लागला, धाकटीचा नवरा धावत आला आणि तिच्यासोबत बसला. आणखी कोणाला जागा नव्हती.

कटरबाई फुटपाथवर उभी राहिली. समोर पुन्हा तीच गर्दी. काच फुटल्याचा आवाज ऐकून बाजार गोळा झाला होता. कोणीतरी म्हणत होतं, "बंधन मोडलं म्हणून झालं हो सगळं." तिला शिसारी आली. लबाडाची येते तितकीच त्याच्यासाठी वकिली करणाऱ्यांचीही.

"चला वर," ती म्हणाली. "सगळे चला. कोण रडतं ते दाखवते."

गच्चीवर मावतील तेवढे आले, बाकीचे खाली थांबले. मालक आले, लाँड्रीवाला आला. काटेवाल्यांना दोघातिघांनी खांद्यावर हात ठेवून, अगदी आदरानं, आणलं. वारा त्या दिवशीही होता. कटरबाईनं विटा उतरवल्या आणि पत्रा ओढला.

ऊऽऽऽ! गर्दी दचकून मागे सरली.

तिनं पत्रा परत ठेवला. आवाज बंद. पत्रा काढला. ऊऽऽऽ. ठेवला. बंद. पाच वेळा केलं तिनं. पाचव्या वेळी खालून एक पोरगी खिदळली.

"ही तुमची टायपिस्ट," कटरबाई म्हणाली. "ही साहेबाची बायको आणि ही तुमची नवरी. पोकळ नळकांड्यावरून वारा गेला की आवाज होतो. आणि ते झाकलं की खालचा धूर वर जायच्या ऐवजी आमच्या खोलीत येतो. ही बघा त्याची काजळी," आणि तिनं पत्र्याची खालची बाजू सगळ्यांपुढे धरली. काळीकुट्ट होती. "आता साहेब, जरा उजवा बूट वर करा."

काटेवाल्यांनी बूट वर केला नाही. लाँड्रीवाल्यानं केला. टाचण्या अजून तशाच होत्या. त्यानं खोकं उघडलं. आत शाळेच्या प्रयोगशाळेत असतं तसलं एक होकायंत्र डिंकानं चिकटवलेलं.

"मी प्रामाणिकपणे..." काटेवाले म्हणाले. "यंत्र माध्यम असतं, श्रद्धा..."

"ती मेली असती," कटरबाई म्हणाली. "तुम्ही बाहेर खुर्चीत बसला होतात."

पोलीस येईपर्यंत काटेवाले मागच्या जिन्यानं गेलेले होते. मालक म्हणाले, कशाला वाढवायचं. कटरबाईनं मात्र चौकीत जाऊन तक्रार लिहून दिली आणि खोकं, पत्रा, शर्ट, सगळं टेबलावर ठेवून आली.

पण किळस यावी असा प्रकार पुढेच झाला. चौकीतून बाहेर पडताना एका बाईनं वाकून तिच्या पायांना हात लावला. "तुम्ही तिला मोकळं केलंत," ती म्हणाली. "तुमच्यात काहीतरी आहे. माझ्या मुलाचा खोकला महिनाभर जात नाही, एकदा डोक्यावर हात ठेवा." मागे आणखी दोघी उभ्या होत्या.

कटरबाई पाय आखडून मागे झाली. "माझ्यात काही नाही! माझ्याकडे टेप होती, मी माप घेतलं. एवढंच केलं मी! खोकला आहे तर मुलाला डॉक्टरकडे न्या, आजच न्या. घरात शेगडी असेल तर धूर कुठे जातो ते बघा. डोळे आहेत ना तुम्हाला? मग माझे पाय काय बघता? कोणी काही सांगितलं तर विचारा, कधीपासून, कशामुळे, दाखव. मीसुद्धा सांगितलं तरी विचारा!"

बाई हिरमुसली आणि निघून गेली. डॉक्टरकडे गेली की दुसऱ्या कोणाकडे, कोणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी हॉस्पिटलच्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. तोंडावरचा मास्क नुकताच काढला होता, गालांवर त्याचे वळ होते. कटरबाई शेजारी स्टुलावर बसली.  

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "खरं सांगाल? माझ्यात होती का हो ती?"

"नव्हती."

"मग काटा माझ्यापाशीच का हलला?"

"त्याच्या बुटात लोहचुंबक होतं. कोण आजारी आहे हे मालकांनी त्याला आधीच सांगितलं होतं. तुझ्यापाशी त्यानं पाऊल पुढे टाकलं, बाकीच्यांपाशी नाही."

"पण मला दिसलं होतं काहीतरी. भिंतीजवळ."

"प्राणवायू मिळाला नाही की मेंदू वाटेल ते दाखवतो. डॉक्टरबाईंना विचार, त्या कागदावर काढून समजावतील. तुझ्या रक्तात धूर होता. तेवढंच होतं तुझ्यात."

 धाकटी म्हणाली, "सगळ्या मागे सरकल्या ना, तेव्हा मलाही वाटलं, असेल बाई. इतके लोक म्हणतायत तर असेल."

कटरबाईला ते ऐकवेना. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला.

"तो म्हणाला, तुझ्यात भूत आहे," ती म्हणाली. "आणि मी म्हणाले, तुझ्यात खोट आहे. त्यानं काटा फिरवला, मी जीभ चालवली. माझा भुतावर विश्वास नाही म्हणून मी स्वतःला शहाणी समजत होते. पण डॉक्टरबाईंनी नीट प्रश्न विचारला तर उत्तर मीच देऊन टाकलं, तुला बोलूही दिलं नाही. तुला काय होतंय हे त्यानं विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. चुकलं माझं. फार चुकलं."

धाकटीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. आठ वर्षांत हे वाक्य तिनं थोरलीच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ती हसली नाही, की जाऊ द्या हो ताई असंही म्हणाली नाही.

"मग आता विचारा," ती म्हणाली.

कटरबाईनं स्टूल खाटेजवळ ओढलं.

"सांग. काय होतंय तुला?"

"डोकं दुखतंय अजून. इथे, मागच्या बाजूला."

"कधीपासून?"

"पहाटेपासून."

"चल, नर्सला सांगू," कटरबाई म्हणाली आणि उठली.